पाळीच्या दोन दिवस आधी डोकं का ठणकतं? सुट्टीच्या चर्चेत राहून गेलेली अर्धशिशी

कर्नाटक सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये नोकरदार महिलांना मासिक पाळीसाठी वर्षाला १२ भरपगारी सुट्ट्या देण्याचं धोरण मंजूर केलं. बिहारमध्ये सरकारी नोकरीतल्या महिलांना १९९२ पासून महिन्याला दोन दिवस मिळतात. सुप्रीम कोर्टाने मात्र जुलै २०२४ मध्ये असा आदेश स्वतः द्यायला नकार दिला. सुट्टी सक्तीची केली तर महिलांना कामावर घेणंच टाळलं जाईल, अशी भीती कोर्टाने व्यक्त केली आणि धोरणाचा प्रश्न केंद्र सरकारकडे सोपवला.

या चर्चेत पाळीचा त्रास म्हटला की पोटदुखी आणि कंबरदुखीचं नाव येतं. पण अनेक जणींना पाळीची पहिली चाहूल पोटात नाही, डोक्यात लागते. एका बाजूने ठणका, मळमळ, उजेड आणि आवाज नकोसा होणं. मायग्रेन म्हणजे आपली जुनी अर्धशिशी. तिचं पाळीशी नातं आहे हे न कळल्यामुळे जळगाव-धुळ्यासारख्या भागात तिच्यावर भलतेच उपाय होत राहतात.

पित्त, ऊन की अर्धशिशी?

जळगाव, भुसावळ, धुळ्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेव्हा दुखणाऱ्या डोक्याला 'ऊन लागलं' हे उत्तर तयार असतं. उलटी झाली की 'पित्त झालं'. दोन्हींत थोडं तथ्य आहे, कारण कडक ऊन, कमी पाणी आणि उपाशीपोट यांनी अर्धशिशी चाळवते. पण उलटी हे अर्धशिशीचंच एक लक्षण आहे, पित्त हे तिचं कारण नाही. म्हणून उलटी झाल्यावर बरं वाटतं आणि पुढच्या महिन्यात तेच पुन्हा होतं.

हा आजार दुर्मिळ नाही. बंगळुरू आणि आसपासच्या गावांत झालेल्या पाहणीत वर्षभरात साधारण चारपैकी एका प्रौढ व्यक्तीला मायग्रेनचा त्रास झाल्याचं दिसलं. पुरुषांपेक्षा महिलांमध्ये आणि शहरापेक्षा खेड्यात प्रमाण जास्त होतं. जागतिक आजारभाराच्या २०१९ च्या आकडेवारीनुसार, तरुण महिलांना कामापासून आणि रोजच्या जगण्यापासून अडवणाऱ्या आजारांत मायग्रेन पहिल्या क्रमांकावर आहे.

शरीरात नेमकं काय घडतं?

पाळी येण्याआधीच्या काही दिवसांत इस्ट्रोजेन या हार्मोनची पातळी झपाट्याने घसरते. मुळात संवेदनशील असलेल्या मेंदूला ही घसरण सोसत नाही. पाळी सुरू होताना गर्भाशयातून सुटणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यंही वेदनेत भर घालतात.

इस्ट्रोजेनचा हा धागा १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रायन सॉमरव्हिल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने पकडला. त्यांनी मोजक्या महिलांना पाळीआधी इस्ट्रोजेन दिलं. पाळी वेळेवर आली, पण डोकेदुखी पुढे गेली. प्रोजेस्टेरॉन दिलं तेव्हा उलट झालं. पाळी लांबली, पण बहुतेकींचं डोकं ठरल्या वेळीच दुखलं. पाळी आणि डोकेदुखी एकाच वेळी येत असल्या तरी रक्तस्राव हे डोकेदुखीचं कारण नाही, हे यातून समोर आलं.

पाळी पुढे ढकलण्याची गोळी

हा प्रयोग आजही कामाचा आहे. सप्तशृंगीच्या चैत्र यात्रेला खानदेशातून हजारो भाविक पायी जातात. श्रावणात कानबाई बसते. घरात लग्न असतं. अशा वेळी पाळी लांबवायची गोळी घेणं ही अनेक घरांत सर्रास गोष्ट झाली आहे. या गोळीत बहुधा नॉरइथिस्टेरॉन हे प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं औषध असतं. ती थांबवली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. ती घेतल्याने पाळी लांबेल, पण डोकेदुखीही लांबेल याची खात्री नाही. त्यात उन्हात पायी चालणं, उपवास आणि अपुरी झोप जोडली गेली, तर त्रास वाढूही शकतो.

एका गटाने तर ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. डोकं दुखण्याआधी ज्यांना काही मिनिटं डोळ्यांसमोर नागमोडी चमकत्या रेषा दिसतात, नजरेचा एखादा भाग पुसल्यासारखा होतो किंवा हाताला-चेहऱ्याला मुंग्या येतात, त्यांना 'ऑरा'सह मायग्रेन असू शकतो. अशा महिलांनी इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या वापरू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेचा निकष सांगतो, कारण त्यांना मेंदूच्या झटक्याचा धोका वाढतो. पाळी लांबवण्याच्या डोसमधल्या नॉरइथिस्टेरॉनचाही काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. म्हणून काउंटरवर 'पाळी लांबवायची गोळी द्या' म्हणण्याआधी ऑराची गोष्ट डॉक्टरांना सांगायला हवी.

'पिशवी काढली की सुटेल'

चाळिशीनंतर पाळी अनियमित होते, इस्ट्रोजेन खाली-वर होतं आणि अर्धशिशी अनेकदा बळावते. याच वयात पिशवी काढून टाकण्याचा सल्ला सहज मिळतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या प्रकरणाने हे चव्हाट्यावर आणलं. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या पाहणीत, ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली होती.

पिशवी काढण्याची वैद्यकीय गरज काही वेळा खरंच असते. पण अर्धशिशी हे त्याचं कारण होऊ शकत नाही. दुखणं मेंदूचं आहे. गर्भाशयासोबत बीजांडकोशही काढले तर इस्ट्रोजेन एकदम कोसळतं आणि डोकेदुखी वाढण्याची शक्यता असते. पाळी नैसर्गिकपणे गेल्यावर मात्र अनेकींना आराम पडतो.

सगळ्यात स्वस्त तपासणी

पाळीशी जोडलेली अर्धशिशी रक्ताच्या तपासणीत किंवा एमआरआयमध्ये दिसत नाही. ती तारखांमध्ये दिसते. आंतरराष्ट्रीय निकष असा आहे: पाळीच्या दोन दिवस आधीपासून पाळीच्या तिसऱ्या दिवसापर्यंत, या पाच दिवसांत डोकेदुखी यायला हवी आणि तीनपैकी किमान दोन पाळ्यांमध्ये तसं व्हायला हवं.

भिंतीवरच्या ज्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे आणि सिलिंडरची तारीख लिहिली जाते, तिथेच दोन खुणा करायच्या. पाळीच्या दिवसाला गोल, डोकं दुखलं त्या दिवसाला फुली. गोळी घेतली तर तिचं नाव. तीन महिन्यांचं हे पान घेऊन डॉक्टरकडे गेलं की निदान सोपं होतं. जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मेडिसिन विभागाच्या ओपीडीत दाखवता येतं.

तारखा कळल्या की उपचार नेमके होतात. पाळी नियमित असेल तर त्या पाच-सहा दिवसांपुरतंच नॅप्रोक्सेनसारखं वेदनाशामक किंवा ट्रिप्टान गटातलं औषध डॉक्टर देऊ शकतात. दम्याचा, अल्सरचा किंवा किडनीचा त्रास असेल, गर्भधारणेची शक्यता असेल तर ते आधी सांगावं. मनाने गोळ्या खाण्याचा तोटा वेगळाच आहे. साधी वेदनाशामकं महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, तर ट्रिप्टान किंवा मिश्र गोळ्या १० किंवा अधिक दिवस, अशा तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्या तर गोळ्यांमुळेच डोकेदुखी जडते.

डोकेदुखी क्षणात असह्य झाली, हातपाय लुळे पडले, बोलणं अडखळलं, तापासोबत मान आखडली किंवा गरोदरपणात अथवा बाळंतपणानंतर अशी डोकेदुखी पहिल्यांदाच झाली, तर कॅलेंडर बाजूला ठेवून थेट हॉस्पिटल गाठावं.

मग सुट्टीचं काय?

महिन्याला एक दिवस ही सुरुवात आहे. पण अर्धशिशी रक्तस्राव सुरू होण्याआधीच येऊ शकते. 'पाळी आली का?' एवढाच प्रश्न विचारणाऱ्या साहेबाला ती खोटी वाटेल. म्हणून नियमांत पाळीच्या आधीचे दिवसही धरायला हवेत.

आणि खानदेशातल्या बहुतेक कष्टकरी बायांना सुट्टी देणारं कुणी नाहीच. कापूस वेचणीची मजुरी किलोवर मिळते. ज्या दिवशी डोकं उचलवत नाही, त्या दिवशी काट्यावर कापूस नाही आणि हातात पैसेही नाहीत. त्यांच्यापर्यंत सुट्टीचा कायदा उशिरा पोहोचेल, कदाचित पोहोचणारही नाही. पण आशाताई घरोघरी जाऊन पाळीची तारीख विचारतात. 'त्या आधी डोकं दुखतं का?' हा आणखी एक प्रश्न त्यांच्या तोंडी आला, तर पित्ताच्या गोळ्यांवर आणि नको त्या ऑपरेशनवर जाणारे अनेकींचे पैसे वाचतील. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.