मोत्याच्या बाजूने दोन शब्द

भंडारदऱ्याच्या तंबूवाल्याने आमच्या मोत्याला पाहताच हात जोडले. "साहेब, कुत्र्यामुळे इथली शांतता बिघडते." बँकेत वीस वर्षं काउंटरवर काढल्यामुळे मी अपमान हसतमुखाने गिळतो. हा मात्र गिळवेना. कारण तो बोलत होता तेव्हा त्याच्या पाठीमागे एक जनरेटर, डब्याएवढा स्पीकर आणि मुंबईची बारा माणसं एकदम सुरू होती.

राग आला तर येवो, पण निवांतपणाचा वैरी कुत्रा नव्हे. निवांतपणा शोधायला निघालेला आपण मध्यमवर्ग आहोत.

मोत्या काही संत नाही. दोन तासांत त्याने माझी डावी चप्पल, सौ.च्या सात दशम्या आणि तंबूची एक खुंटी खर्ची घातली. कुत्र्याला अभयारण्यात नेऊ नये हेही मला मान्य. म्हणून तो धरणाकाठीच, साखळीला होता. पण माणसांच्या साखळीचं काय?

मे अखेरीला या भागात सादडा, हिरडा, बेहड्यावर काजवे लुकलुकतात. ती काही आपल्यासाठी केलेली रोषणाई नाही. नर चमकून मागणी घालतो, मादी चमकून होकार देते. मध्येच आपल्या मोटारीचे झगझगीत दिवे पडले की जमत आलेलं लग्न मोडतं. त्यांच्या अळ्या मातीत गोगलगायी खाऊन महिनोन्‌महिने वाढतात. त्यांच्यावरून आपण बूट घालून फोटो काढत फिरतो. आणि घरी येऊन म्हणतो, "पूर्वी फार असायचे हो काजवे!" असणारच. पूर्वी आपण जात नव्हतो.

रात्री नऊला मोत्याने साखळीतून मान काढली आणि स्पीकर तोंडात धरून पोबारा केला. गाणं आधी करवंदीच्या जाळीतून आलं, मग शेताच्या बांधावरून. बारा माणसं "अरे धरा, धरा!" करत धावली. आवाज कुठून येतोय ते कळावं म्हणून तंबूवाल्याने जनरेटर बंद केला आणि सगळ्यांना दटावलं, "गप्प बसा जरा!"

दिवे गेले. माणसं गप्प झाली. लांब कुठेतरी गाण्याने 'बुडुक' केलं आणि तेही थांबलं.

"आई, झाड बघ," एक पोरगं हळूच म्हणालं.

काठावरचा सादडा खालपासून शेंड्यापर्यंत उजळत होता, विझत होता. पाच-दहा मिनिटं कुणी बोललं नाही. सौ.सुद्धा. त्या पाच-दहा मिनिटांसाठीच तर प्रत्येकाने पैसे भरले होते.

मग मोत्या आला, ओलाचिंब, आणि सगळ्यांच्या मधोमध उभा राहून अंग झाडता झाला.

स्पीकरचे तीन हजार दोनशे मी निमूट भरले. सौ.ने ते घरच्या हिशेबात 'कुत्र्याचे नुकसान' म्हणून मांडले आहेत. मी कॉमर्सचा पदवीधर. तेवढं खोडून मी तिथे 'प्रवेश फी' असं लिहिलं.