हाताला कळते ते

आंबिया बहाराच्या तोडणीस प्रारंभ झाला, की पांढुर्णा आणि सौंसर परिसरातील वाटांना संत्र्यांचा वास येऊ लागतो. २०२३ साली या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. छिंदवाड्याच्या एकत्र कुटुंबातून वेगळे घर मांडले गेले; पण घरातली बोली मराठीच राहिली आणि बागेतली लक्ष्मी संत्र्याचीच.

संत्रे तोडणे हे पाहणाऱ्यास अगदी सोपे काम वाटते. फळ धरावे, ओढावे, टोपलीत टाकावे. परंतु जाणती तोडणारी बाई तसे कधीच करीत नाही. नागपुरी संत्र्याची साल सैल असते. फळ ओढून तोडले तर देठाजवळची साल फाटते, आणि त्या फटीतून कूज शिरते. म्हणून देठ कात्रीने कापावयाचा. फळ घट्ट दाबले तर आतल्या फोडी दुखावतात, ढिले धरले तर ते निसटते. साल किती सुटली आहे, फळ रसाने भरलेले आहे की नुसतेच फुगलेले, हेही तिला हातात घेताक्षणी समजते. कसे समजते म्हणून विचारावे, तर उत्तर एवढेच येईल : ‘‘हाताला कळते.’’

आज आम्हांस वाचकांशी बोलावयाचे आहे ते या दोन शब्दांविषयी. कारण हाताला जे कळते ते यंत्राच्या हातास शिकविण्याचा खटाटोप जगात कित्येक वर्षे चालू आहे, आणि त्याची हकीकत आपल्या बागायतदार घरांनी ऐकण्यासारखी आहे.

प्रथम माणसाचा हात पाहू. स्वीडनचे शास्त्रज्ञ योहान्सन आणि व्हाल्बो यांनी १९७९ साली मांडलेल्या हिशेबाप्रमाणे एका हाताच्या तळव्यात व बोटांत मिळून स्पर्श टिपणारे सुमारे १७,००० तंतू असतात. कोणी दाब कळवितो, कोणी कंप, कोणी त्वचेचा ताण. याच योहान्सन यांनी पुढे १९८४ साली सहकाऱ्यासह दाखवून दिले, की वस्तू उचलताना आपण ती निसटू नये एवढा, आणि त्याहून किंचितच अधिक, जोर लावतो. वस्तू गुळगुळीत असली तर तो जोर आपोआप वाढतो. बोटांची टोके बधिर केली, की हा सारा हिशेब कोलमडतो. काडेपेटी डोळ्यांना स्वच्छ दिसत असते. पण साधी काडी ओढणे जिकिरीचे होऊन बसते.

यंत्राच्या बोटांना असे स्पर्शसंवेदक बसविता येतात. परंतु ते महाग असतात, झिजतात. आणि यंत्र शिकते ते असंख्य वेळा चुकून. तेवढी संत्री चिरडावयास कोण देणार? म्हणून शास्त्रज्ञांनी संगणकातच एक आभासी जग उभे केले. तेथे हातही आकड्यांचा आणि फळही आकड्यांचे. पडले, फुटले, तरी नुकसान नाही. आणि वर्षांचा सराव काही तासांत उरकतो. अमेरिकेतील ओपनएआय या संस्थेने २०१८ साली एका यांत्रिक हाताला ठोकळा बोटांवर फिरविण्यास याच रीतीने शिकविले. सुमारे शंभर वर्षांचा सराव पन्नास तासांत झाला. गंमत अशी, की त्यात स्पर्शाचे आकडे मुद्दामच वगळले होते. जो संवेदक आभासी जगात नीट उतरत नाही, तो घेण्यापेक्षा मोजकेच पण भरवशाचे घ्यावेत, असा त्यांचा अनुभव होता.

म्हणजे दृष्टीची नक्कल साधली. स्पर्श मात्र अडला. ही अडचण सोडविण्यासाठी प्लगिन नावाची सोय पुढे आली. प्लगिन म्हणजे मूळ सॉफ्टवेअरला मागाहून जोडलेली पुरवणी. घागऱ्याला नवा घेर जोडावा तशी. ‘मुजोको’ हे असल्या आभासी जगाचे एक नामांकित सॉफ्टवेअर. ते २०२२ पासून सर्वांस मूळ आज्ञावलीसह खुले आहे. त्यातील एक प्लगिन आभासी बोटाच्या टोकावर जणू आलेखाच्या कागदाची जाळी अंथरते. फळ बोटास भिडले, की कोणत्या चौकटीवर किती जोर पडला, तो सरळ होता की सरकता, याचे आकडे क्षणोक्षणी मिळतात. सरकता जोर वाढू लागला, की फळ निसटू पाहते आहे, हे यंत्राने ओळखण्यास शिकावे, असा हेतू.

येथपर्यंत सारे ठीक. पण ही जाळी स्वतः काहीच जाणत नाही. आभासी फळाचे वजन, सालीचा गुळगुळीतपणा, तिचा मऊपणा हे आकडे कोणीतरी आधी भरावे लागतात. भरणाऱ्याने संत्रे म्हणजे एक टणक चेंडू मानला, तर जाळी चेंडूचाच स्पर्श इमानेइतबारे सांगेल. साल आणि फोडी यांमधील पोकळी, दवाने ओली झालेली सकाळची साल, देठाजवळचा तो नाजूक भाग यांपैकी काहीही त्यात आपोआप येणार नाही. वजन आणि घर्षण दर वेळी थोडे बदलून यंत्रास सावध करण्याची युक्ती आहे खरी. परंतु जी गोष्ट मुळात ठाऊकच नाही, ती बदलणार तरी कशी?

तात्पर्य, यंत्राच्या शहाणपणाची सीमा ही त्याला माहिती पुरविणाऱ्याच्या शहाणपणाची सीमा होय. आणि संत्र्याच्या बाबतीत ते शहाणपण दूरदेशीच्या प्रयोगशाळेत नसून आपल्या बागांत, रोजंदारीवर राबणाऱ्या बायाबापड्यांच्या बोटांत आहे. त्याला आपण ‘अकुशल काम’ म्हणतो! ज्या कामाची नक्कल करताना जगातील हुशार माणसे जेरीस येतात, ते अकुशल कसे? उद्या अशी यंत्रे खरोखरच बागेत आलीच, तर त्यांच्या बोटांत ज्यांची विद्या उतरेल, त्यांच्या पदरात काय पडेल, हा प्रश्न यंत्र येण्यापूर्वीच विचारलेला बरा.

आमच्या वाचकांपैकी अनेकांची मुले नागपूर, भोपाळ, पुणे येथे अभियांत्रिकी शिकतात. दिवाळीच्या सुटीत ती घरी येतात, तेव्हा आंबियाची फळे तयार होत आलेली असतात. त्यांना एक दिवस तोडणाऱ्यांसोबत झाडाखाली उभे करा. फळ हातात द्या, डोळे मिटावयास सांगा, आणि साल कोठे सुटली आहे ते विचारा. जे जाणवेल ते त्यांनी वहीत टिपावे, आणि टिपताना शिकविणारीचे नावही लिहावे. गुरूचे नाव सांगण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. ती केवळ गाणाऱ्यांपुरतीच का असावी?