एक चुकलेलं गणित घ्या

परवा साताऱ्याहून भाचीचा फोन आला. बी.एड.ची असाइनमेंट होती : ‘ज्ञानरचनावाद म्हणजे काय ते सांगून त्याचे वर्गातील महत्त्व स्पष्ट करा.’ “मावशी, चॅटजीपीटीनं लिहून दिलंय, तू फक्त नजर टाक.” टाकली. पियाजे होता, व्हायगॉट्स्की होता, शुद्धलेखनही बिनचूक. पण एकही मूल नव्हतं.

तिला काय बोलणार? माझ्या वेळी चॅटजीपीटी नव्हतं, पण आदल्या वर्षीच्या ताईची फाइल होती. हर्बर्टची पंचपदी मी तिच्यावरूनच उतरवली, रंगीत समासासकट. प्रश्न दरवर्षी तोच!

आता मी लेस्टरमध्ये प्राथमिक शाळेत शिकवते. पीजीसीई करणारे नवे शिक्षक सरावासाठी माझ्या वर्गावर येतात. सुरुवातीला मीही त्यांना ‘अपूर्णांक शिकवण्याच्या पद्धती’ वगैरे लिहायला सांगायचे. छान लिहून आणायचे. मग वर्गात मूल अडलं की तीच पद्धत पुन्हा, जरा मोठ्या आवाजात.

हल्ली एवढंच सांगते : एका मुलाचं एक चुकलेलं गणित घ्या. नाव बदला. असं का केलंस, ते त्यालाच विचारा. दोन पानांत लिहा, आणि उद्या त्याला काय विचाराल तेही.

एकीनं आणलेलं अजून आठवतं. सहावीतल्या मुलानं १/२ + १/३ = २/५ केलं होतं. विचारल्यावर म्हणाला, “काल दोन पेनल्टींत एक गोल, आज तीनांत एक. पाचांत दोन झाले ना?” त्याच्या हिशेबानं बरोबरच होतं! तो पेनल्टी मोजत होता, आणि गणित एकाच पिझ्झ्याच्या तुकड्यांचं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं त्याला विचारलं, “अर्धा पिझ्झा तुझ्याकडे होताच. त्यात आणखी घातल्यावर तो अर्ध्याहून कमी कसा झाला?” मुलगा बराच वेळ गप्प बसला, मग त्यानं खोडरबर मागितला.

चॅटजीपीटी असा मुलगाही रचून देईल, ठाऊक आहे. म्हणून मी वहीचं ते पान सोबत मागते आणि पाच मिनिटं त्यावर बोलते. यात वेळ जातो. आपल्याकडे पन्नासांच्या तुकडीला हे कसं जमणार, असं कुणी म्हणेल. मग वीस पानं मागू नयेत, दोनच मागावीत. (जाड फाइलच्या वजनावर मीही मार्क मिळवलेत, म्हणून सांगते.)

भाचीला म्हटलं, सराव पाठाच्या शाळेतल्या एखाद्या मुलीची वही बघ, तिच्यावर लिही. “त्याला मार्क नाहीत गं मावशी,” म्हणाली. तिचं खरंच आहे. म्हणून हे पत्र तिच्यासाठी नाही, तो प्रश्न काढणाऱ्यांसाठी आहे.