पोरं मागच्या सीटवर, नकाशा बापाच्या खिशात

दिवाळीचा फराळ संपला की कल्याणात परदेशवारीच्या गप्पा सुरू होतात. खडकपाड्यापासून पारनाक्यापर्यंत, ज्या घरात दहावी नुकतीच पार पडलीय किंवा बारावी तोंडावर आहे, त्या घरातले आईबाप रात्री जेवणं उरकल्यावर मोबाईल घेऊन बसतात आणि देश मोजतात. बारा दिवसांत किती देश, हॉटेल शहरात आहे की बाहेर, रात्री वरण-भात मिळणार ना. सगळं ठरतं, आगाऊ रक्कम भरली जाते, आणि मग आतल्या खोलीत पुस्तकात डोकं घालून बसलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला हुकूम सुटतो : मे महिन्यात आपण युरोपला जातोय, व्हिसाचे फोटो काढून ये. त्या सहलीच्या आखणीत मुलाचा वाटा एवढाच. वाढत्या मुलांवर हा उघड अन्याय आहे, आणि तो प्रेमाच्या नावाखाली होतो म्हणून मला त्याची जास्त चीड येते.

बारा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला विमान कंपनी मोठ्यांचं तिकीट लावते. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी जून 2024 पासून मोठ्यांना 90 युरो पडतात. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मे, बाराच्या पुढे पूर्ण. साऱ्या जगाने ज्याला पुरता प्रवासी धरलं, त्याला घरचेच धरत नाहीत. बसमध्ये मागच्या सीटवर बसायचं, हाक मारली की उतरायचं, मनोऱ्यासमोर उभं राहून हसायचं, पुन्हा चढायचं. मग तो मुलगा कानात इअरफोन घालून मोबाईलमध्ये डोकं खुपसतो, आणि आई परत आल्यावर सोसायटीत सांगते, 'एवढे पैसे घातले, पण याला कश्शात म्हणून इंटरेस्ट नाही.' अहो, इंटरेस्ट येणार कुठून? विचारलंत का त्याला एकदा तरी?

टूरवाल्यांना मी दोष देत नाही. 1984 साली केसरीभाऊ पाटलांनी सुरू केलेल्या 'केसरी'ने आणि त्यांच्यासारख्या इतरांनी, परदेश हा आपला प्रांतच नव्हे असं मानणाऱ्या हजारो मराठी माणसांना धीर दिला, वाट दाखवली. आजी-आजोबांसाठी, एकट्या निघालेल्या बायकांसाठी ती सोय मोलाची आहे. पण वाढत्या वयाच्या मुलाला हात धरून नेण्याची गरज नसते. त्याला एकदा वाट शोधू द्यायची असते.

आणि जे स्वतःची गाडी घेऊन हिंडतात, त्यांचं तरी काय? आपल्याकडे घराघरातून कोणी ना कोणी अमेरिकेत, बहुतेकदा न्यूजर्सीत. घड्याळात साडेनऊ तासांचा फरक, डोळ्यांवर झोप, आणि बाप उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी भाड्याची गाडी काढून नायगाराच्या दिशेने सुटतो. न्यूजर्सीतल्या एडिसनहून तो पल्ला सहाशे किलोमीटरच्या वर आहे. बायको शेजारी भीतीने मूठ आवळून बसलेली, मुलं मागे झोपलेली. धबधबा पाहायचा, आउटलेट मॉलमध्ये पिशव्या भरायच्या, टाइम्स स्क्वेअरला फोटो, झाली अमेरिका. हे मला वेडं धाडस वाटतं, आणि त्याहून वाईट म्हणजे त्यात मुलांना काहीच येत नाही असं गृहीत धरलेलं असतं.

याच कल्याणात वाढलेली एक मुलगी होती. यमुना जोशी, लग्नानंतरची आनंदी. अमेरिकेतल्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाईंनी दाताच्या डॉक्टरकडे नंबर येईपर्यंत चाळलेल्या एका मिशनरी मासिकात तिच्या नवऱ्याचं, गोपाळरावांचं पत्र वाचलं, आणि तिथून पत्रापत्री सुरू झाली. त्या ओळखीच्या भरवशावर आनंदीबाई एप्रिल 1883 मध्ये कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. नवरा बरोबर नव्हता. वय अठरा, तेही नुकतंच पुरं झालेलं. 1886 मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून त्या डॉक्टर झाल्या, आणि पुढच्याच फेब्रुवारीत, बाविशी गाठण्याआधी, पुण्यात गेल्या. त्यांचा रक्षाकलश कार्पेंटरबाईंकडे गेला आणि हडसन नदीकाठच्या पोकिप्सी गावातल्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत ठेवला गेला. तिथे त्यांच्या नावाचा दगड आहे.

आता नकाशा उघडा. कॉलेज फिलाडेल्फियात. कार्पेंटरबाईंचं घर, जिथे आनंदीबाई पहिल्यांदा राहिल्या, ते न्यूजर्सीतल्या रोझेलला, म्हणजे एडिसनच्या जवळच. आणि दगड पोकिप्सीला, तिथून दोन-एक तासांवर. दोन दिवसांत आरामात होणारा रस्ता. आमच्या कल्याणची माणसं वर्षानुवर्षं एडिसनला भावाकडे, नणंदेकडे जाऊन राहतात. 2019 चा 'आनंदी गोपाळ' सिनेमा याच माणसांनी डोळे पुसत पाहिला. पण पोकिप्सीला कोणी गेल्याचं मी माझ्या ओळखीत ऐकलेलं नाही. का, तर ते कुठल्याही छापील कार्यक्रमात नाही, आणि छापील कार्यक्रमाबाहेर पाहायची सवय आम्ही मुलांना लावलेलीच नाही.

आमच्या घरी हा रस्ता माझ्या मुलीने काढला. ती तेव्हा सतरा वर्षांची, मुलगा पंधराचा. पैशाचा आकडा आम्ही दोघांना सांगितला आणि ठरवायचं काम त्यांच्यावर सोपवलं. मुलगी कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसायची. हे वाचनालय 1864 चं, आनंदीबाईंच्या जन्माच्या आदल्या वर्षीचं. तिथून तिने आनंदीबाईंची चरित्रं आणली आणि मग एक फोटो शोधून काढला : 1885 चा, फिलाडेल्फियात काढलेला, त्यात नऊवारीतल्या आनंदीबाई, जपानची केई ओकामी आणि सीरियाची साबात इस्लामबुली, तिघी आपापल्या देशच्या पोशाखात. त्या फोटोने आमच्या सहलीची दिशा ठरली. मी कितीही चरित्र वाचून दाखवलं असतं तरी हे झालं नसतं.

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना कल्याणच्या आरटीओतून मिळतो. फी हजार रुपये, मुदत एक वर्ष. तो मी आणि माझ्या नवऱ्याने, दोघांनीही काढला, म्हणजे एकाच माणसावर गाडीचा भार नको. पण परवाना हातात आला म्हणून तिथले नियम डोक्यात येत नाहीत. न्यूयॉर्क राज्याची चालकांसाठीची पुस्तिका इंटरनेटवर फुकट मिळते, ती मुलीने वाचून काढली आणि आमची तोंडी परीक्षा घेतली. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी लाल दिव्याला थांबून, रस्ता मोकळा असला तर उजवीकडे वळता येतं. न्यूयॉर्क शहरात मात्र तशी पाटी असल्याशिवाय येत नाही. पिवळ्या स्कूल बसचे लाल दिवे लुकलुकायला लागले की समोरून येणाऱ्यांनीही थांबायचं. पोकिप्सीच्या अलीकडे एका गावात असाच प्रसंग आला. नवरा नेहमीच्या सवयीने पुढे सरकत होता, आणि मागून मुलीचा आवाज आला, 'बाबा, थांब!' गाडी जागच्या जागी थांबली. शाळेतली पोरं रस्ता ओलांडून गेली. कल्याण–शीळ रस्त्यावर आयुष्य गेलेल्या माणसाला हे कोणी सांगायचं? ज्याने पुस्तिका वाचलीय त्याने.

पेट्रोलचंही तसंच. न्यूजर्सीत स्वतः पेट्रोल भरायला कायद्याने बंदी आहे, गाडीतच बसून राहायचं. हद्द ओलांडून न्यूयॉर्क राज्यात गेलात की स्वतः उतरून भरायचं. पंपावर कार्ड घातलं की यंत्र तिथला पिनकोड मागतं, आणि आपलं कार्ड तिथेच अडतं. आम्ही दोघं यंत्राशी झटापट करत असताना पंधरा वर्षांचा मुलगा शांतपणे दुकानात गेला, पंपाचा नंबर सांगितला, चाळीस डॉलर रोख मोजून दिले, परत येऊन म्हणाला, 'आता भर.' त्याने हे आधी वाचून ठेवलं होतं, कारण पेट्रोल आणि टोल ही खाती त्याच्याकडे होती. घरी साधा गॅस सिलेंडर लावायला सांगितला तर टाळाटाळ करणारा हाच मुलगा.

त्याच्या वाटणीचा एक अख्खा दिवस त्याने न्यूयॉर्कच्या 'इंट्रेपिड' या जुन्या विमानवाहू जहाजावर घातला. तिथे कॉन्कॉर्ड विमान आणि 'एंटरप्राइज' हे अंतराळयानही आहे. मला त्यात तसूभर रस नव्हता. तरी मी गेले, कारण दिवस त्याचा होता. आउटलेट मॉल दोघांनी मिळून काढून टाकला आणि त्याऐवजी पोकिप्सीचा 'वॉकवे ओव्हर द हडसन' घेतला : 1889 चा रेल्वेपूल, 2009 पासून पायी चालण्यासाठी खुला, दोन किलोमीटर लांब. माझ्या एडिसनच्या नणंदेला हे पटलं नाही. 'अगं, पूल चालायला कशाला, तिथे काय आहे?' मुलांनी तिला समजावलं नाही, आपल्याबरोबर घेतलं. एडिसनला इतकी वर्षं राहून तीही पोकिप्सीला पहिल्यांदाच आली.

यावर मला ठरावीक उत्तरं ऐकवली जातात. मुलं लहान आहेत. मग अठराव्या वर्षी मतदान आणि त्याच्याही आधी जेईई-नीट त्यांच्या खांद्यावर कशी चालते? दोन वर्षं सकाळ-संध्याकाळ क्लासला धाडता, कॅप राउंडमध्ये आयुष्याची शाखा निवडायला लावता, आणि तीन रात्रींचं हॉटेल निवडायला ती लहान? दुसरं उत्तर, चुकलं तर लाखो रुपये पाण्यात. जाऊ द्यायचे नाहीत ना? मग चुकू देऊ नका. आरक्षण आईबापांनी डोळ्यांखालून घालावं, विमा स्वतः काढावा, मोठे पल्ले तोडून छोटे करावेत. यात मुलांच्या हातून निसटलंच तर अर्धा दिवस निसटतो. पुढे हीच मुलं एमएससाठी फ्रँकफर्टच्या विमानतळावर एकटी उतरतात आणि आईबाप इथे रात्रभर फोन धरून जागतात. त्या रात्रीची तयारी सोळाव्या वर्षी करायची नाही, तर कधी?

म्हणून येत्या दिवाळीत देश मोजायला बसण्याआधी मुलांना बाहेरच्या खोलीत बोलवा. खर्चाचा खरा आकडा सांगा, तो लपवू नका. किती दिवस आहेत, आजीचे गुडघे किती चालू शकतात, गाडी कोण आणि किती तास चालवणार, हेही सांगा. मग त्यांनी पॅरिस गाळून एखाद्या नाव न ऐकलेल्या गावात तीन दिवस घालायचे म्हटले, तर घालू द्या, आणि सोसायटीतल्या बायकांनी 'आयफेल टॉवर नाही पाहिलात?' म्हणून विचारलं तर सरळ सांगा, नाही पाहिला.