बचावाची दुसरी फळी

हेवीवेटमधला सर्वांत पक्का बचाव कोणाचा, हा वाद निघाला की पुरावा म्हणून हटकून १९६६ चा मुहम्मद अली पुढे केला जातो. ह्यूस्टनमध्ये क्लीव्हलंड विल्यम्ससमोर हात कमरेशी सोडलेले, ठोसा हनुवटीपाशी पोहोचण्याआधीच मान मागे गेलेली आणि समोरचा हवेत हात मारतो आहे. तीन फेऱ्यांत खेळ खलास. इतके देखणे मुष्टियुद्ध या गटात क्वचितच दिसले असेल, पण देखणेपणा हा बचाव मोजण्याचा गज नव्हे. हेवीवेटला वजनाची वरची मर्यादा नाही. खालच्या गटांत एक चूक झाली तर फार तर फेरी हातची जाते, इथे लढतच जाते. म्हणून निरनिराळ्या काळांतल्या बॉक्सरांना शेजारी उभे करायचे असेल, तर त्यांची पहिली फळी किती चकाकत होती यापेक्षा ती मोडल्यावर मागे काय उभे होते, हे तपासावे. पाय थकले, पाठ दोराला लागली, समोरच्याने युक्ती ओळखली, की मग काय?

या कसोटीवर जॅक जॉन्सन आज समजला जातो त्यापेक्षा पुष्कळ वर येतो. त्याच्या काळचे ग्लोव्हज आजच्या दहा औंसांच्या मानाने बरेच पातळ होते. दोन्ही ग्लोव्हज गालांना लावून त्यामागे दडण्याची सोय नव्हती, कारण ठोसा फटीतून आत शिरायचा. म्हणून जॉन्सनचे हात पुढे असत. येणारा ठोसा तो उघड्या तळव्यावर झेलायचा, आणि अंतर मिटले की प्रतिस्पर्ध्याच्या दंडावर हात ठेवून ठोसा सुटण्याआधीच दाबून टाकायचा. १९०८ मध्ये सिडनीत टॉमी बर्न्सविरुद्ध आणि १९१० मध्ये रीनोला जिम जेफ्रीजविरुद्ध हेच दिसते: एका हाताने समोरच्याचा दंड धरलेला, दुसऱ्याने खालून अपरकट. बर्न्स त्याच्यापुढे ठेंगणा होता आणि जेफ्रीज काही वर्षांच्या निवृत्तीनंतर परतला होता, ही हरकत रास्तच आहे. पण १९१५ ची हवानाची लढत पाहा. सदतीस वर्षांचा जॉन्सन, सहा फुटांहून कितीतरी उंच जेस विलर्ड, कडक ऊन आणि पंचेचाळीस फेऱ्यांचा करार. जॉन्सन पडला तो सव्विसाव्या फेरीत. आजची जागतिक अजिंक्यपदाची लढत बारा फेऱ्यांत, म्हणजे छत्तीस मिनिटांत संपते. त्याचा बचाव त्याच्या दुपटीहून अधिक वेळ टिकला, आणि त्यातला बराचसा वेळ पाय जड झालेले असताना.

फेऱ्यांची संख्या कीर्तीत केवढी उलथापालथ करते, याचा सर्वांत बोलका दाखला जर्सी जो वॉलकॉटचा आहे. पाठ फिरवून चार पावले चालत जायचे, समोरचा पाठलागाला लागला की त्याच पावलावर वळून मारायचे, अशी हूल या गटात त्याच्याइतकी सफाईने फारशी कोणी दिली नाही. १९४७ मध्ये त्याने जो लुईला दोनदा खाली बसवले आणि तरीही पंचांनी लुईच्या बाजूने निकाल दिला. लुईचा स्वतःचा बचाव मात्र त्याच्या हल्ल्याच्या तोडीचा कधीच नव्हता. जॅब मारल्यावर त्याचा डावा हात खाली घसरतो, हे मॅक्स श्मेलिंगने हेरले आणि १९३६ मध्ये त्याच फटीतून उजवा ठोसा घालून बाराव्या फेरीत त्याला आडवे केले. दोन वर्षांनी लुईने पहिल्याच फेरीत हिशेब चुकता केला, पण तो हल्ल्याच्या जोरावर. वॉलकॉटकडे येऊ. सप्टेंबर १९५२ मध्ये फिलाडेल्फियात रॉकी मार्सियानोविरुद्ध बारा फेऱ्यांनंतर तो तिन्ही पंचांच्या गुणपत्रिकांवर पुढे होता. आजच्या नियमाने तो तिथेच जिंकला असता. तेराव्या फेरीत पाठ दोराला लागली, मार्सियानोचा आखूड उजवा ठोसा जबड्यावर बसला आणि सगळे संपले. त्याची पहिली फळी अप्रतिम होती. दोरापाशी तिच्या मागे काहीच नव्हते.

आता अली. त्याच्याकडे दोन आयुधे होती, पाय आणि अंतराचा विलक्षण अंदाज. सरळ ठोशापासून मान मागे नेऊन वाचता येते, कारण ठोसा आपल्या टोकाला पोहोचून थांबतो. हुक मात्र वळसा घेऊन येतो आणि मागे झुकलेली हनुवटी त्याच्या वाटेतच असते. १९६२ मध्ये सॉनी बँक्स, १९६३ मध्ये हेन्री कूपर, १९७१ च्या पंधराव्या फेरीत जो फ्रेझर. या तिन्ही वेळा अली खाली पडला तो डाव्या हुकने, त्यामुळे योगायोग म्हणून हे सोडून देता येत नाही. यावर किन्शासाचे उत्तर तयार असते: १९७४ मध्ये फोरमनसमोर दोराला टेकून त्याने दुसरी फळी उभी केलीच की. केली, हे मान्य. दोर सैल होते, तो त्यांवरून मागे रेलत होता, बरेच ठोसे दंडांवर घेत होता आणि फोरमनची मान खाली दाबून त्याची दमछाक करत होता. त्यात कसब होते. पण त्यातला मोठा वाटा शरीराच्या सहनशक्तीचा होता, आणि सहनशक्ती म्हणजे बचाव नव्हे. मार खाऊन उभे राहणे आणि मार चुकवणे यांची गल्लत आपण फार सहज करतो. १९७५ ची मनिलातली फ्रेझरविरुद्धची आणि १९८० मधली लॅरी होम्सविरुद्धची लढत पुन्हा पाहिली, तर ही गल्लत बॉक्सरला किती महागात पडते ते कळते.

टायसनचा प्रकार वेगळा. त्याचा प्रशिक्षक कस डमॅटोची पद्धत, ग्लोव्हज गालांशी, डोके सतत हलते, ठोसा चुकवून लगेच बाजूला पाऊल आणि तिथूनच मारा, ही या गटात आजवर बांधली गेलेली सर्वांत पूर्ण व्यवस्था आहे. पण तिचे सगळे भाग एकत्र चालले तरच ती चालते. डमॅटोचा आधीचा बॉक्सर पॅटरसनही त्याच तालमीत वाढला, आणि १९५९ मध्ये योहान्सनने त्याला एकाच फेरीत सात वेळा खाली पाडले. टायसनने १९८८ मध्ये प्रशिक्षक केव्हिन रूनीला सोडल्यावर आधी बाजूचे पाऊल गेले, मग डोक्याची हालचाल. १९९० मध्ये टोकियोत बस्टर डग्लसच्या लांब जॅबसमोर तो सरळ रेषेत उभा राहू लागला होता, आणि तसा उभा राहिलेला टायसन हा बुटका हेवीवेट होता, बाकी काही नाही.

व्लादिमीर क्लिच्कोचे नाव यात घेतले की अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतात. डावा हात समोरच्याच्या डाव्या ग्लोव्हवर ठेवायचा, जॅब मारायचा आणि तो आत आला की मिठी मारून वजन अंगावर टाकायचे. याला बचाव म्हणायचे? माझ्या मते म्हणायला हवे, कारण प्रशिक्षक एमॅन्युएल स्टीवर्डच्या हाताखाली त्याने हनुवटीवरचा भरवसा सोडून आधीच दुसरी फळी बांधली आणि नऊ वर्षांहून अधिक काळ अजिंक्यपद राखले. आजचे रेफरी मिठीला जी मोकळीक देतात ती त्याने पुरेपूर वापरली, जशी जॉन्सनने आपल्या काळची वापरली. कंटाळवाणे होते, हे खरे. पण कंटाळा हा प्रेक्षकाचा प्रश्न आहे, प्रशिक्षकाचा नव्हे.

आजचे बॉक्सर इतके धिप्पाड आहेत की जुन्यांशी तुलनाच निरर्थक, असे म्हणणाऱ्यांसाठी उसिक पुरेसा आहे. क्रूझरवेटमधून वर आलेल्या या डावखुऱ्या बॉक्सरने २०२४ मध्ये दोनदा हरवलेला फ्युरी त्याच्यापेक्षा हातभर नसला तरी टीचभर नक्कीच उंच आणि कितीतरी वजनदार. मे महिन्यातल्या रियाधच्या लढतीत मधल्या फेऱ्यांत फ्युरीचे अपरकट बसू लागले, म्हणजे पहिली फळी फुटली. तेव्हा उसिक मिठीलाही गेला नाही आणि पळालाही नाही. हात घट्ट केले, पुढचे पाऊल फ्युरीच्या पुढच्या पावलाच्या बाहेर रोवत राहिला, आणि नवव्या फेरीत फ्युरी दोरांच्या आधाराने उभा होता. माझ्या यादीत म्हणून जॉन्सन आणि उसिक सर्वांत वर, आणि अली त्यांच्या खाली.

आपल्या हौशी स्पर्धांत तीनच फेऱ्या असतात, त्यामुळे मुलाची पहिली फळी मोडण्याआधीच घंटा होते आणि प्रशिक्षकाला ती अभेद्य वाटू लागते. मिठी मारली की ताकीद मिळते, म्हणून जवळच्या झुंजीचा सराव बहुतेक ठिकाणी होतच नाही. पण येणारा ठोसा तळव्यावर झेलणे आणि पुढच्या पावलाची जागा राखणे याला कोणताही नियम आड येत नाही. सत्राच्या शेवटी, पाय भरून आलेले असताना, मुलाला दोराशी उभे करून हे दोन्ही घटवून घेता येते. पहिले काही आठवडे तो मार खाईल, आणि पालक तक्रारही करतील.