रांग दिसते, तिजोरी दिसत नाही

१/७
मे २०२० मध्ये टाळेबंदीतच दारूची दुकाने उघडली आणि वृत्तवाहिन्यांनी दिवसभर रांगा दाखवल्या. पिणाऱ्यांची यथेच्छ थट्टा झाली. आटत चाललेल्या सरकारी तिजोऱ्यांना याच रांगांची आस होती, ही बाब मात्र तळटीपेपुरती उरली. दारूच्या बातमीत पिणारा ठळक असतो, विकू देणारा धूसर. इतिहास नेमके या दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

२/७
१८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळणे आणि ताडी काढणे परवान्याखाली आणले. आदिवासी पाड्यांवर घरोघर गाळली जाणारी मोहाची दारू गुन्हा ठरली. पिणे थांबले नाही. घरच्या मडक्याची जागा ठेकेदाराच्या दुकानाने घेतली, इतकेच.

३/७
पुढे १८९२ च्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावर आणि विकण्यावरही निर्बंध आले. टंचाईत गरिबाच्या पोटाला आधार देणारे फूल सरकारच्या लेखी महसूल बुडवणारा ऐवज झाले.

४/७
याच काळात, १८८० मध्ये, पुणे नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीराव फुले यांनी शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांना लेखी हरकत घेतली. व्यसनाचा प्रश्न त्यांनी नगरपालिकेच्या दारात नेऊन ठेवला.

५/७
१९२२ मध्ये पालघरच्या किनाऱ्याकडून सुरत जिल्ह्यात पसरलेल्या ‘देवी’च्या चळवळीत आदिवासींनी दारू-ताडी सोडलीच, शिवाय ती विकणाऱ्या जमीनदारांकडे कामाला जाणेही नाकारले. ज्यांच्यावर ‘दारुडे’ असा शिक्का होता, त्यांच्यासाठी दारू सोडणे हेच बंड ठरले.

६/७
जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमधून वाइनविक्रीचा निर्णय जाहीर झाला, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू का?’ या शब्दच्छलावर चर्चेचे फड रंगले. दुकान कुठे असावे हे कोणी ठरवायचे, हा प्रश्न कडेलाच राहिला.

७/७
त्याचे एक उत्तर महाराष्ट्राच्या नियमांतच आहे. गावातल्या स्त्रिया मतदानाने दारूचे दुकान बंद करवू शकतात: उभी बाटली म्हणजे चालू, आडवी म्हणजे बंद. पण ती आडवी करायला झालेल्या मतदानाच्या नव्हे, एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात. मजुरीला गेलेल्या बाईचे न पडलेले मतही बाटली उभीच ठेवते. कॅमेरा रांगेवरून एकदा या मतपेटीकडे वळायला हवा.