कासवाचे विसर्जन

ऐन दिवाळीत, फराळाचे ताट पुढे असताना भांडण उकरून काढणे शिष्टाचाराला धरून नाही, हे मला कळते. पण दयेच्या नावाखाली एक दुष्टपणा चालला आहे आणि तो करणारे सगळे सज्जन आहेत. म्हणून बोलणे भाग आहे.

मुलाच्या हट्टासाठी मुंबईहून रुपयाएवढे हिरवे कासव आणायचे. डोळ्यामागे तांबडा पट्टा, मोठे गोजिरवाणे! घरात कासव असले की लक्ष्मी नांदते, ही वर दुकानदाराची पुस्ती. हे कासव मूळचे अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. देशी कासव पाळणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा, म्हणून हे परदेशी खपते. पुढे ते ताटलीएवढे होते, पेटीला वास मारू लागतो, आणि आयुष्य तर वीस-तीस वर्षांचे. मग एके संध्याकाळी ते पिशवीत घालून पेणला भोगावतीत, नाहीतर रोह्याला कुंडलिकेत सोडायचे आणि म्हणायचे, "मोकळे केले हो बिचाऱ्याला!"

आम्हां पेणकरांना विसर्जनाची सवय फार जुनी. पण शाडूचा गणपती पाण्यात विरघळतो, कासव विरघळत नाही. ते मासे, बेडकांची पिले, शेवाळ, मिळेल ते खाते आणि ऊन खाण्याच्या दगडावरून देशी कासवाला हुसकावते. युरोपात हेच घडले, तेव्हा १९९७ साली त्यांनी याची आयातच बंद केली. त्यात कुंडलिका काही उन्हाळ्यात आटणारी नव्हे. मुळशीचे पाणी १९२७ पासून भिऱ्याच्या वीजघरातून तिच्यात उतरते. पाहुण्याची बारमाही सोय!

एखाददुसऱ्या कासवाने काय होणार, असे कोणी म्हणेल. १८४७ साली बेन्सन नावाच्या साहेबाने मॉरिशस बेटावरून दोन आफ्रिकी गोगलगाई हौसेने कलकत्त्यास आणल्या. त्या चौरंगीतल्या एका बागेत सोडल्या गेल्या. आज ही गोगलगाय देशात ठिकठिकाणी भाजीपाला फस्त करते आहे.

अशा परक्या उपद्रवी जातींवर बंधने घालण्याचा अधिकार २०२२ च्या दुरुस्तीने केंद्र सरकारला मिळाला. ठीक आहे, पण तिन्हीसांजेला नदीवर जाणाऱ्या पिशवीत सरकार कुठवर डोकावणार? ज्याने आणले त्याने शेवटपर्यंत पोसावे, ते जमत नसेल तर विकणाऱ्याने परत घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. एका दुकानदाराला मी ते ऐकवलेही.

"मोठे झालेले घेऊन मी काय करू? त्याला गिऱ्हाईक नाही," तो म्हणाला, आणि पुढच्या मुलाच्या पिशवीत पाणी भरू लागला.